मी पीत नाही, हात हलतो

माझे दोन्ही हात हलतात. उजवा जास्त, डावा कमी. नुसते मांडीवर पडलेले असले की गप्प असतात. काही उचलायला गेलो की सुरू. बशी धरली की कप वाजतो, काडी पेटवायला घेतली की काडी एकीकडे आणि पेटी दुसरीकडे. चाळीसेक वर्षं हे चाललं आहे आणि तेवढीच वर्षं लोक माझ्या तोंडाचा वास घेत आले आहेत. म्हणून आधीच लिहून टाकतो. मी पीत नाही. कधीच प्यालो नाही. ज्याला पटत नाही त्यानं हमरापूरला माझ्या घरी यावं, मी चहा पाजतो. अर्धा बशीत सांडेल, तेवढा गोड मानून घ्यावा.

माझं शिक्षण चौथी. त्यातून हात असा, त्यामुळे एक पान लिहायला एक सकाळ जाते. पण बायकोचं वर्षश्राद्ध परवा झालं आणि त्या दिवशी घरात जे झालं ते लिहिल्याशिवाय मला चैन पडेना. ते कळायला आधी माझ्या बापापासून सांगावं लागेल.

बाप मिठागरात कामाला होता. आमचं मूळ गाव खाडीकाठचं, पेणपासून लांब, चालत जायचं. देश स्वतंत्र होऊन थोडी वर्षं झाली होती, आमच्या गावात अजून रस्ता आला नव्हता. बाप पहाटे उठला की त्याचे हात इतके हलायचे की त्याला कमरेची गाठ मारता यायची नाही. आई मारून द्यायची आणि मारताना शिव्या द्यायची. मग तो ताडीवाल्याच्या झोपडीत जायचा. पहिला पेला तो हातात धरायचाच नाही. पेला जमिनीवर, आणि हा गुडघ्यावर बसून तोंड खाली नेणार. गुरासारखं. लोक हसायचे. दुसरा पेला दोन हातांनी. मग थोड्या वेळानं त्याचे हात थांबायचे, आणि तो लांब दांड्याची फळी घेऊन दिवसभर मीठ ओढायचा, एक रेघ वाकडी नाही.

सगळं गाव म्हणायचं, ताडीनं हात खाल्ले. आईही तेच म्हणायची. मलाही तेच दिसायचं. हलणारा हात आणि ताडीचा पेला रोज शेजारी शेजारी, दुसरं काय दिसणार?

तो गेला तेव्हा मी लहान होतो. तेराव्याला आईनं माझ्या मुठीत खडं मीठ दिलं आणि वर तिची मूठ आवळली. "बोल. ताडीला शिवनार नाय." मिठाच्या शपथेवर आमच्याकडे दुसरी शपथ नाही. मी बोललो. ती शपथ आजवर मोडलेली नाही.

मोठा झाल्यावर मला मिठागरात जायचं नव्हतं. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात कामाला लागलो. कारखाना म्हणजे घराची पडवी आणि पुढे घातलेला मांडव, पण आमच्याकडे त्याला कारखानाच म्हणतात. मालकाला माझा हात आवडला. त्यानं मला माती मळण्यापासून आखणीपर्यंत नेलं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. बाकीचं रंगकाम दहा जण करतात, डोळे एखादाच. बुबुळ जरा खाली गेलं की देव झोपाळू दिसतो, वर गेलं की रागीट. पुढे मालकानं मला मुलगीही दिली. मी सासुरवाडीतच राहिलो. घरजावई म्हणून चिडवायचे. चिडवू देत, रोज सकाळी भाकरी गरम मिळत होती.

तिशी उलटल्यावर एका आषाढात हात हलायला लागला. ओळीनं मूर्ती मांडलेल्या, मी पापणीची रेघ ओढत होतो, आणि कुंचला उडाला. रेघ थेट कानापर्यंत. सासरा आला. त्यानं मूर्ती बघितली, मग माझ्या तोंडाजवळ नाक आणलं. माझ्या हातातला कुंचला काढून घेतला आणि आत गेला.

तीन दिवस मी माती मळली. चौथ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, बायको कुंचला घेऊन आली. मूर्तीपुढे बसली, पालथी मांडी घालून. आपला उजवा तळवा उपडा नाही, उताणा धरला आणि म्हणाली, "मनगट ठेवा हितं."

"कशाला?"

"ठेवा सांगते ना. जोर टाका. मी काय मोडत नाय."

मी मनगट तिच्या तळव्यावर टेकवलं. हात थांबला. पुरता नाही, पण रेघ ओढण्यापुरता थांबला. आम्ही त्या दुपारी सात मूर्तींचे डोळे केले. सासऱ्यानं संध्याकाळी बघितले आणि म्हणाला, "कोणी केले?" ती म्हणाली, "आमी." त्या दिवसापासून आखणी आम्ही दोघांनी केली, तिच्या शेवटच्या वर्षापर्यंत.

गावाला गंमत मिळाली. बालवाडीतल्या पोराचा हात धरून गिरवून घेतात तशी याची बायको याचा हात धरते म्हणून. एकदा रंगाचा डबा न्यायला आलेला शेजारी तोंडावर बोलला, "वहिनी, याला सकाळी थोडी द्या, हात धरायची पाळी येनार नाय." ती उठली नाही, मनगटाखालचा तळवाही काढला नाही. "मी यांचा हात धरते, तो गावाला दिसतो. तुजी बायको तुजा हात धरीत नाय, तेबी दिसतं. जा, डबा घेऊन जा."

पण माझ्या आईला ती पटवू शकली नाही. आई म्हातारपणी आमच्याकडे यायची, ओट्यावर बसायची आणि मला बोलवायची. "तोंड उघड." मी चाळिशीचा बाप्या, दोन पोरांचा बाप, तोंड उघडायचो. ती वास घ्यायची. वास यायचा नाही तेव्हा तिला जास्तच राग यायचा. "लवंग खातोस. तुजा बाप तरी उघड प्यायचा." बायको मध्ये पडायची, "आय, मिठाची शप्पत घेतलीय त्यांनी," तर आई म्हणायची, "मिठावरच तर थुकला तो." आई गेली ती हेच मनात धरून. त्याला माझ्याकडे आजही औषध नाही.

खरं काय ते साठीच्या सुमाराला कळलं. एकदा आमटीची वाटी माझ्या हातून मुलाच्या पानात पालथी झाली. मुलगा डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे वेल्डिंग करतो, त्याचा हात त्याच्या आईसारखा, खिळा ठोकल्यासारखा. तो म्हणाला, आता पुरे, आणि आम्हां दोघांना पेणला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण होता. त्यानं कागद दिला, म्हणाला, जिलेबी काढा, आतून बाहेर गोल गोल. मी काढली. करवतीच्या पात्यासारखी दातेरी आली. बायकोनं न विचारता टेबलावर तळवा ठेवला. मी मनगट टेकवलं आणि दुसरी काढली. डॉक्टर त्या दोन जिलेब्या बघत बसला.

मग त्यानं विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं?"

"बापाला. पण तो ताडी प्यायचा."

"प्यायल्यावर हात जास्त हलायचे की कमी?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि बापाचा दुसरा पेला आठवला. पन्नास वर्षं मला हे कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. कमी. प्यायल्यावर थांबायचे.

डॉक्टर म्हणाला, या दुखण्याचं तसंच असतं. थोडी पोटात गेली की हात काही वेळ थांबतो. म्हणून ते पीत असतील. हे रक्तातून येतं, आई-बापापैकी एकाकडून आलं तरी पुरतं. पिण्याशी याचा संबंध नाही, पापाशी तर नाहीच.

बायकोनं विचारलं, "पोरांना?"

तो म्हणाला, "प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं उडवल्यासारखं समजा. छापा पडला तर येतं, काटा पडला तर नाही. मुलगा असो की मुलगी. ज्याच्यात आलंच नाही, त्याच्या पोरांत त्याच्याकडून जात नाही. पण ज्याच्यात आलंय त्याच्या पोरांच्या वेळी नाणं पुन्हा उडतं. कोणाला लवकर दिसतं, कोणाला उशिरा, कोणाला इतकं थोडं की कळतही नाही."

एसटी स्टँडवर जाऊन बसलो. बायको म्हणाली, "म्हंजे मामंजी दारुडे नव्हते. कामाला जायचं होतं त्यांना." तिनं माझ्या बापाला कधी बघितलंही नव्हतं. मी रडलो. भर स्टँडवर. एक बाई दुसरीला म्हणाली, चढलीय वाटतं. बायको तिच्याकडे वळलीच होती, मीच तिला पदर धरून बसवलं.

नाणं मुलाच्या वेळी काटा पडलं होतं. मुलीचं आम्हांला कळलंच नव्हतं. ती लग्न होऊन रोह्याजवळ वरशाला गेलेली, नवरा कारखान्यात शिफ्टवर. वर्षातून दोनतीनदा यायची. मला ते दिसलं तिची आई जाताना. बायको पाच दिवस अंथरुणावर होती. शेवटच्या सकाळी मुलीनं तिच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं आणि चमचा दातांवर वाजायला लागला. टकटक, टकटक. मला वाटलं रडते म्हणून. पण ती रडत नव्हती. मी तिच्या मनगटाकडे बघितलं. सोन्याच्या दोन पाटल्या, घट्ट बसलेल्या. काचेची एक बांगडी नाही. काचेनं अंगावर पुरळ येतं, असं ती किती वर्षं सांगत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काच वाजते म्हणून ती घालत नव्हती. चहा कपबशीत न देता नेहमी स्टीलच्या पेल्यात देते, दोन हातांनी धरून, तेही आठवलं. पंचवीस वर्षं सासरी तिनं हात लपवला होता. तिच्या आईनं मात्र शेवटच्या श्वासाला चमच्याखाली हात आणायला बघितलं. बोटं जरा वर आली आणि तिथंच राहिली.

त्यानंतर चैत्रात नातीला बघायला पाहुणे येणार होते. नात म्हणजे या मुलीचीच मुलगी. रोह्यात औषधांच्या दुकानात कामाला आहे, बोलायला तिच्या आजीवर गेली आहे. हात माझ्यावर. गोळ्यांची पाकिटं मोजताना तिचीही बोटं हलतात. मुलगा रोह्याचाच, नोकरीवाला, घर चांगलं. मुलीनं मला आदल्या दिवशी बोलावून घेतलं आणि बजावलं, "बाबा, चहा घेऊ नका. पित्त झालंय म्हणा. हात मांडीवरून उचलू नका." आणि नातीला सांगितलं, ट्रे तुझ्या बाबांकडे दे, तू नुसती बस.

मी हात मांडीखाली घालून बसलो. सगळं नीट चाललं होतं. उठता उठता मुलाचा काका पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्यापुढे आला, "आजोबा, तोंड गोड करा." चार जण बघत होते. मी हात काढला. पेढा दोनदा चिमटीतून सुटला आणि तिसऱ्यांदा काकाच्या पायावर पडला. काकानं माझ्या हाताकडे बघितलं, मग नातीच्या मांडीवरल्या हाताकडे बघायला मान वळवली.

माझी मुलगी पुढे झाली. हसत म्हणाली, "त्यांचं काय मनावर घेऊ नका. ते जरा घेतात. जुनी सवय आहे."

काकाची मान परत फिरली. मोकळा हसला तो. "अहो, एखादा असतोच प्रत्येक घरात! आमचे थोरले काय कमी होते?" सगळेच हसले. पसंती कळवून पाहुणे गेले.

मी जागचा उठलो नाही. मुलगी कपबशा आवरायला आली तेव्हा म्हणालो, "मला बेवडा केलास."

"मग काय सांगू? रक्तात आहे सांगू?" ती हळू आवाजात बोलत होती, पण रागानं. "पिणं तुमच्यापाशी राहतं, बाबा. रक्त पुढे जातं. बाप पितो म्हणून पोरीचं लग्न मोडत नाही. हे सांगितलं तर मोडेल. एक दिवस बेवडे झालात तर काय बिघडलं? आई तर गेली. आता कोणाला वाईट वाटायचंय?"

"मला," मी म्हणालो.

ती आत निघून गेली. खोटं का बोलू, मला तिचं म्हणणं कळत होतं. नातीचं भलं होणार असेल तर म्हाताऱ्यानं शिवी गिळावी, कोणीही हेच सांगेल. पण मी तिथं बसून आईचं नाक आठवत होतो. बापाचं गुडघ्यावर बसणं आठवत होतो. तो माणूस कामाला जाता यावं म्हणून पीत होता, आणि दारुडा म्हणून जळाला. आता माझी पोरगी माझ्या तोंडात तोच पेला ओतत होती, आणि उद्या नातीला हीच विद्या शिकवणार होती. बांगड्या घालू नकोस. चहा पेल्यात दे. पंचवीस वर्षं. आणि तिच्या आईनं तीस-चाळीस वर्षं माझ्या मनगटाखाली तळवा धरला होता तो सगळ्यांदेखत, दार लावून नव्हे.

सकाळी नात अंगणात दात घासत होती. मी विचारलं, "लग्न तुझं आहे. तू सांग. मुलगा आवडला का?"

"बरा आहे. फार बोलला नाही."

"मी खरं सांगायला गेलो तर मोडेल कदाचित."

तिनं चूळ भरली. "आबा, न सांगता लग्न झालं, तर मी हात कुठं ठेवू? साडीला खिसा नसतो." मग म्हणाली, "थांबा, मी पण येते. तुम्ही एकटे गेलात तर म्हणतील, सकाळीच टाकून आला."

दोघं रिक्षानं गेलो. मुलाची आई, काका आणि मुलगा घरात होते. मी उंबऱ्याच्या आत येऊन उभ्यानंच सांगितलं, की मी पीत नाही, हे बापाकडून मला आलंय, माझ्याकडून मुलीला, तिच्याकडून हिला. हिच्या पोरांना येईल किंवा नाही येईल.

काका म्हणाला, "म्हणजे तुम्ही अजिबात घेत नाही?"

"नाही."

"अरेरे." खरंच म्हणाला असं. "घेत असता तर काही प्रश्न नव्हता हो."

मुलाच्या आईनं नातीला विचारलं, "तुला आहे?" नातीनं टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून सरळ हातात धरला. पाणी काठापर्यंत आलं, दोन थेंब खाली पडले. "आज एवढं आहे. पुढे वाढेल. भाकरी येते मला, इंजेक्शन भरता येतं. लपवता येत नाही." मुलगा ग्लासाकडे बघत होता. वर तिच्याकडे बघितलं असतं तर मला तो जास्त आवडला असता.

आठ दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. पत्रिका परत दाखवली, गुण जुळत नाहीत. महिन्यापूर्वी अठ्ठावीस जुळले होते. आठ दिवसांत ग्रहांनी काय हालचाल केली ते रोहेकरांनाच ठाऊक. निदान हात हलतो म्हणून नको, एवढं तोंडानं म्हणायचं होतं. आमचा हात हलतो, त्यांची जीभ हलेना.

मोडलं ते मोडलं. मी माफी मागितली नाही, मागणारही नाही. नातीनं एक दिवस तोंड फुगवलं आणि दुकानात गेली. मुलीनं मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. फोन नातच करायची. गणपतीच्या दिवसांत मी कारखान्यात माती मळत बसलो. आखणी आता दुसरा करतो. माझं मनगट धरणारी नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या तळव्यावर मी ते टेकवणार नाही. त्याची आखणी बघतो, चांगली असते. मातीला हात हललेला कळत नाही. आंघोळ केली की माझे हात थोडा वेळ थांबतात असं मला वाटतं, पण तो भास असेल.

परवा वर्षश्राद्ध. मुलगी येईल असं मला वाटलं नव्हतं. सकाळच्या गाडीनं आली, नातीला घेऊन. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली. मी ओट्यावर भटजींची वाट बघत बसलो होतो. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. किणकिण. मला वाटलं सून असेल, पण सून माझ्यासमोर रांगोळी काढत होती. मी आत डोकावलो. मुलगी खीर ढवळत होती. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या, कोपराच्या दिशेनं डझनभर चढवलेल्या, आणि ती पळी हलवायला गेली की सगळ्या एकदम बोलत होत्या.

शेजारची म्हातारी पानं पुसत होती. म्हणाली, "गो, हात किती हलतोय तुजा! बापाचा गुण लागला काय?"

मुलीनं पळी खिरीतच ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"व्हय," ती म्हणाली. "आजोबापासून हाय. वाजू दे."